खालच्या विभागातला बचावपटू प्रशिक्षक होतो तेव्हा

पांदणवाट

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातला. नागपूरच्या जिल्हा लीगमध्ये, खालच्या विभागातल्या एका संघाकडून मी सलग आठ हंगाम सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो. सामन्याच्या दिवशी पहाटे गावातून निघायचे, जामच्या चौरस्त्यावर नागपूरची एसटी पकडायची, दुपारी खेळायचे आणि रात्री जो ट्रक थांबेल त्याने परत यायचे, असा तो क्रम होता. नवव्या हंगामाच्या आधी उजव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकल्यावर घरात जी शांतता पसरली, तीच माझ्या खेळाची शेवटची शिट्टी ठरली.

गेली तीन वर्षे गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीवर (सरकारी गायरानावर) मी सकाळी मुलांना शिकवतो. सध्या 26 मुले येतात. सोयाबीनच्या सोंगणीत ती संख्या 9 वर येते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कधी कधी मी आणि गोलकीपर असे दोघेच असतो. दिवसा जिनिंगमध्ये काम करतो. आता डी लायसन्सच्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या सुरुवातीच्या परवान्याच्या, शिबिराला जावे असे मनात आहे, पण त्याआधी एक गोष्ट मला सतावते आहे आणि तिच्यासाठीच हा धागा काढला आहे.

मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाने आमच्या सरावाचे चित्रण मोबाइलवर केले. रात्री ते पाहताना लक्षात आले की चाळीस मिनिटांत मी सर्वाधिक वेळा उच्चारलेला शब्द ‘उडव’ हा आहे. चेंडू बचावपटूकडे आला की ‘उडव’, गोलकीपरकडे आला की ‘उडव’, आणि अकरा वर्षांच्या एका मुलाने दोन जणांना चकवून चेंडू पुढे आणला तेव्हाही ‘अरे उडव ना, काहून खेळून राह्यला’. आठ वर्षे माझा प्रशिक्षक माझ्यावर हेच ओरडत होता. तो ओरडत होता म्हणून मी संघात टिकलो, हेही खरे आहे. मी मुलांना फुटबॉल शिकवतो आहे की माझी भीती, असा प्रश्न मला पडला आहे. खालच्या विभागात खेळून प्रशिक्षक झालेल्यांनी, किंवा अशांकडून शिकलेल्यांनी, आपले अनुभव लिहावेत ही विनंती.

निवृत्त शिट्टी

पांदणवाट, आपण ते चित्रण पाहिलेत आणि वर ते इथे सांगितलेत, याचे मला कौतुक वाटते. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकलो आणि तीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत नोकरी केली. माझा आवाज एवढा मोठा होता की मैदानाशेजारच्या वावरातले बैल माझ्या शिट्टीवर थांबत, असे गावकरी गमतीने म्हणत. त्या आवाजाने एकही मुलगा सुधारल्याचे मला आज आठवत नाही.

जोझे मोरिन्यो हा पोर्तुगालच्या खालच्या पातळीवरचा सामान्य खेळाडू होता. त्याने शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, काही वर्षे शाळेत मुलांना शिकवले आणि 1992 मध्ये इंग्रज प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांचा दुभाषा म्हणून मोठ्या क्लबात पाऊल ठेवले. 2004 मध्ये पोर्तो क्लबने त्याच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. आपल्याकडे सय्यद अब्दुल रहीम हेही मुळात शिक्षकच. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांतली भारताची दोन्ही सुवर्णपदके त्यांच्या मार्गदर्शनाखालची, आणि 1956 च्या ऑलिंपिकमधले चौथे स्थानही. या दोघांच्या खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीपेक्षा वर्गात उभे राहण्याचा अनुभव मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण समोरच्याला नेमके काय कळले नाही हे ओळखण्याची सवय तिथे लागते. आपल्याला ती सवय लागू लागली आहे, असे आपल्या लेखनावरून दिसते.

रात्रीचा सामना

मी खेळाडू नाही. वरोऱ्यात औषधांचे दुकान आहे आणि रात्री जागून सामने पाहतो, एवढाच माझा अधिकार. पण आपल्या प्रश्नाला जवळचे एक उदाहरण मला ठाऊक आहे.

युर्गेन क्लॉप 1990 ते 2001 अशी अकरा वर्षे जर्मनीच्या दुसऱ्या विभागात माइन्झकडून खेळला. आधी आघाडीला होता, नंतर बचावात गेला. आपले पाय चौथ्या विभागाचे आणि डोके पहिल्या विभागाचे होते, असे तो स्वतःच म्हणतो. त्याच्या कारकिर्दीतला कळीचा प्रसंग मात्र त्याच्या पायांशी फारसा संबंधित नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यावर वोल्फगांग फ्रांक नावाचा प्रशिक्षक माइन्झला आला. त्या काळी जर्मन संघांत बचावामागे एक मोकळा ‘लिबेरो’ ठेवण्याची आणि बाकीच्यांनी आपापल्या माणसाच्या पाठीमागे धावण्याची रीत होती. फ्रांकने इटलीचा प्रशिक्षक आरिगो साक्की याच्या पद्धतीचा अभ्यास करून लिबेरो काढून टाकला, चौघांची सरळ रेषा आखली आणि माणसाऐवजी जागा राखायला शिकवले. तळाशी गेलेला संघ त्या पद्धतीने उभा राहिला. साधारण खेळाडूंचा संघ नीट रचनेच्या बळावर आपल्याहून सरस संघाला हरवू शकतो, हे क्लॉपने प्रेक्षागारातून नव्हे, मैदानात बचावपटू म्हणून धावता धावता अनुभवले.

फेब्रुवारी 2001 मध्ये, संघ खाली घसरण्याच्या बेतात असताना, व्यवस्थापनाने खेळाडू क्लॉपलाच प्रशिक्षक केले. संघ वाचला. 2002 आणि 2003 मध्ये शेवटच्या दिवशी पहिल्या विभागातली बढती हुकली आणि 2004 मध्ये ती मिळाली. डॉर्टमुंड आणि लिव्हरपूल हे सगळे त्यानंतरचे.

माझा मुद्दा असा की क्लॉपलाही ‘उडव’ म्हणणारे प्रशिक्षक भेटले असतीलच. त्याचे नशीब एवढेच की खेळत असतानाच एक फ्रांकही भेटला. आपल्याला तो भेटला नाही. तेव्हा तो कुठून मिळवायचा, हा आपला खरा प्रश्न आहे.

पऱ्हाटी

मी शेतकरी आहे आणि माझा मुलगा अशाच एका प्रशिक्षकाकडे जातो, म्हणून जरा कडू लिहितो. क्लॉप आणि मोरिन्यो यांची नावे घेताना आपण हे विसरतो की त्याच विभागांत खेळलेले, तितकेच साधे असलेले हजारो जण प्रशिक्षक झाले आणि त्यांचे नावही कोणाला ठाऊक नाही. उलट झिदान जगातला सर्वोत्तम खेळाडू होता आणि तो प्रशिक्षक असताना रेआल माद्रिदने 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे खालच्या विभागात खेळल्याने माणूस चांगला प्रशिक्षक होतो, असे काही सिद्ध होत नाही. ज्यांचे बीज उगवले त्यांच्याच वावराकडे बोट दाखवून बियाणे चांगले होते म्हणणे, हे आम्ही दर हंगामात कृषी केंद्रात ऐकतो.

दुसरे म्हणजे, या मार्गात पोट कसे भरते, हे कोणीतरी स्पष्ट लिहावे. माझ्या मुलाचे प्रशिक्षक एका शाळेत मानधनावर होते. दोन वर्षे त्यांनी संघ घडवला, संघ विभागीय स्पर्धेपर्यंत पोचला आणि शाळेने तिसऱ्या वर्षी ‘तरतूद नाही’ एवढे दोन शब्द सांगून त्यांना मोकळे केले. शाळेच्या फलकावर आजही त्या संघाचे छायाचित्र आहे. त्यात प्रशिक्षक नाहीत, कारण छायाचित्र तेच काढत होते.

मोहफूल

पऱ्हाटी दादा, पोटाच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण त्या वाटेवर मी आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले, त्यापुढे मुलींसाठी आमच्याकडे लीग नव्हतीच, त्यामुळे ‘खालचा विभाग’ म्हणावे असेही काही माझ्या वाट्याला आले नाही.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची लायसन्सची शिडी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी आहे. डी हे काही दिवसांच्या शिबिराचे काम आहे आणि त्यात मुख्यतः लहान मुलांना कसे शिकवावे यावर भर असतो. पुढच्या पायऱ्यांना वेळ, पैसा आणि मध्ये प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव लागतो. नुसत्या डी वर नोकरी मिळत नाही, हे आधीच मनाशी धरावे. शाळेत कायम पद हवे असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम असेल तर सरकारी प्रशिक्षकपदांसाठी त्याला वजन असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्पर्धांतली कामगिरी दाखवावी लागते. जिल्हा लीगचे आठ हंगाम तिथे चालत नाहीत. म्हणून पांदणवाट दादा, जिनिंगचे काम एवढ्यात सोडू नका, असे मी स्पष्टच सांगते.

तरीही शिबिराला जा. मला तिथे एकच गोष्ट मिळाली आणि ती पुरली. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी माझा वर्ग थांबवून विचारले की गेल्या दहा मिनिटांत प्रत्येक मुलीचा पाय चेंडूला किती वेळा लागला. मी मुलींना एका रांगेत उभे करून एकेकीला गोलावर मारायला लावत होते. चौदा मुलींची रांग होती. उत्तर तुम्हीच काढा. त्या दिवसापासून रांग बंद केली. आता चार विरुद्ध चार असे तीन छोटे सामने एकाच वेळी चालतात आणि बारा वर्षांखालच्या मुलींना मी 4 नंबरचा चेंडू देते. मोठ्यांचा 5 नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो, आणि दहा वर्षांच्या पायाला तो नीट लोटता येत नाही म्हणून मूल तो उडवते.

आपल्या ‘उडव’चे एक कारण चेंडूतही असू शकेल, हे तपासून पाहा.

कोळसापट्टा

मी वणी भागातला, खाणीत नोकरीला, आणि पंधरा वर्षे स्ट्रायकर म्हणून असेच लांबून उडवलेले चेंडू झेलत जगलो. त्यामुळे ‘उडव’ या शब्दाची एवढी बदनामी मला सहन होत नाही.

ग्रॅहम टेलर यांची कारकीर्द या धाग्याला सर्वांत अधिक लागू आहे. ग्रिम्सबी आणि लिंकन या इंग्लंडच्या खालच्या विभागांतल्या क्लबांकडून ते बचावपटू म्हणून खेळले. कमरेच्या दुखापतीने 1972 मध्ये खेळ सुटला आणि त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते लिंकनचे व्यवस्थापक झाले. 1976 मध्ये लिंकनने चौथा विभाग जिंकला, तोही 111 गोल करून. पुढच्या वर्षी ते वॉटफर्डला गेले. त्या क्लबचा अध्यक्ष गायक एल्टन जॉन होता. चौथ्या विभागातला हा क्लब पाच वर्षांत पहिल्या विभागात पोचला आणि 1983 मध्ये तिथे दुसरा आला. हे सगळे लांब पासांच्या खेळावर. इंग्रज पत्रकारांनी नाके मुरडली, आणि पुढे इंग्लंडचे प्रशिक्षक झाल्यावर 1992 च्या युरोपीय स्पर्धेत संघ स्वीडनकडून हरला तेव्हा तर ‘द सन’ या वर्तमानपत्राने त्यांचे डोके सलगमावर चिकटवून छापले. पण वॉटफर्डमध्ये त्यांनी जे केले ते उगाच चेंडू भिरकावणे नव्हते. चेंडू कुठे पडणार, तिथे कोण उडी मारणार आणि खाली पडलेल्या चेंडूवर कोण धावणार, हे ठरलेले असे.

तेव्हा प्रश्न ‘उडव’चा नाही. ‘उडव’ म्हटल्यावर ‘कुठे’ हा शब्द आपण मुलाला देता का, हे सांगा.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याकडे वरच्या विद्वानांपैकी कोणी पाहिले नाही. आपले मैदान काळ्या मातीचे आहे ना? मग मार्च-एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये चेंडू चिखलात रुततो. अशा जमिनीवर खालून पास दिला तर तो पोचतच नाही. आपला प्रशिक्षक ‘उडव’ म्हणत होता तो मूर्ख नव्हता. त्याला त्याच्या जमिनीची ओळख होती.

रात्रीचा सामना

कोळसापट्टा, जमिनीचा मुद्दा खरोखरच माझ्या डोक्यात आला नव्हता. दूरदर्शनसंचावर सगळीच मैदाने हिरवी दिसतात.

पांदणवाट

सर्वांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

पऱ्हाटी दादा, तुमचे म्हणणे मी मान्य करतो. खालच्या विभागात खेळल्याने मी चांगला प्रशिक्षक होईन, असे मला कधीच वाटले नाही. पण मग त्या आठ वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. मी हळू होतो. वेगवान आघाडीपटूच्या मागे धावून मी त्याला कधी गाठू शकलो नाही, म्हणून पास निघण्याआधीच देणाऱ्याच्या खांद्याकडे आणि उभ्या पायाकडे पाहून तो कुठे जाणार हे ओळखायची सवय मला लावून घ्यावी लागली. उपजत वेग असलेल्याला हे शिकावे लागत नाही, म्हणून त्याला ते सांगताही येत नाही. एवढे एक मी मुलांना नक्की देऊ शकतो. गंमत अशी की तीन वर्षांत ते मी एकदाही शिकवले नाही. ‘उडव’ म्हणण्यातच वेळ गेला.

कोळसापट्टा भाऊ, ‘कुठे’ हा शब्द मी देत नव्हतो. मलाही तो कोणी दिला नव्हता.

मोहफूल ताई, माझ्याकडे 5 नंबरचे चार चेंडू आहेत आणि त्यातल्या दोहोंचे ब्लॅडर बदललेले आहे. वेचणीची मजुरी आल्यावर मुलांच्या पालकांनी वर्गणी काढायचे ठरवले आहे. 4 नंबरचे तीन चेंडू घेऊ.

जमिनीविषयी: होय, काळीच आहे. गुरे बसतात तो आखर लागूनच आहे, त्यामुळे सकाळी आधी शेण उचलावे लागते. मुरूम टाकता येईल का, हा विचार आहे, जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शिट्टी

मुरमाबद्दल अनुभवाचे सांगतो. संपूर्ण मैदानाचा विचार सोडून द्या. चार विरुद्ध चार खेळायला 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद तुकडा पुरतो. त्यावर 10 सेंटिमीटरचा थर म्हणजे 60 घनमीटर, अर्थात सुमारे 21 ब्रास. पण थेट काळ्या मातीवर टाकू नका. पहिल्याच पावसाळ्यात माती फुगून वर येते आणि मुरूम खाली जातो. वरची वीतभर माती काढून कडेला बांधासारखी टाका, मधोमध थोडी उंची ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्या, आणि थर ओला करून रोलर फिरवा. बारीक चाळलेला मुरूम वर ठेवा, नाही तर गुडघे सोलून निघतील. ई-क्लास जमीन असल्याने आधी ग्रामपंचायतीचा ठराव लागेल आणि मुरूम उचलण्यासाठी तहसीलची गौण खनिजाची परवानगी. ती न घेता ट्रॉली आणाल तर दंड ट्रॅक्टरवाल्याला होईल आणि तो पुन्हा तुमच्या मैदानाकडे फिरकणार नाही.

मोहफूल

एक राहून गेले. आपला गुडघा गेला म्हणून लिहिते: ‘फिफा 11 प्लस’ नावाचा, सुमारे वीस मिनिटांचा शरीर तापवण्याचा कार्यक्रम आहे. त्याला साहित्य लागत नाही. उडी मारून पाय जमिनीवर टेकताना गुडघा आत वळू न देणे, हे त्यात पुन्हा पुन्हा करवून घेतात. आठवड्यातून किमान दोनदा नियमाने केल्यास दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. भेगाळलेल्या जमिनीवर खेळणाऱ्या मुलांना याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

पऱ्हाटी

खालिद जमील यांचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? दुखापतींनी खेळ लवकर सुटला, मग मुंबई एफसी हा लहान क्लब त्यांनी सात वर्षे कमी पैशांत सांभाळला, आणि 2016-17 मध्ये मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. ते खालच्या विभागातले नव्हते हे मला मान्य आहे, पण मोठ्या क्लबांची दारे उघडेपर्यंत त्यांनी किती वर्षे लहान घरात काढली, एवढेच दाखवायचे होते. माझ्या आधीच्या प्रतिसादाच्या विरुद्ध जाते आहे, याची मला कल्पना आहे.

पांदणवाट

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे.

डी लायसन्सचे शिबीर झाले. जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी होते म्हणून रजा मिळाली. रोज रात्री पुढच्या दिवशीच्या सरावाची योजना कागदावर लिहायची असे. आठ वर्षांच्या खेळात माझ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या हातात कागद पाहिल्याचे मला आठवत नाही.

परत आल्यावर मुलांना एक नियम दिला. गोलकीपरने चेंडू हातात घेतला की आधी दोन्ही बचावपटूंकडे पाहायचे. त्यांतला एक मोकळा असेल तर पास द्यायचा, नसेल तर उडवायचा, पण उडवण्याआधी ज्याच्यासाठी उडवतो त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. हा नावाचा भाग कोळसापट्टा भाऊंचा आहे.

गेल्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना झाला. सातव्या मिनिटाला गोलकीपरने पास दिला, आमच्या बचावपटूने तो मागे अडवताना घसरून गमावला आणि गोल झाला. कडेला उभे असलेले गावकरी एका सुरात ‘उडव ना बे’ म्हणून ओरडले. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याही तोंडापर्यंत तो शब्द आला होता. मी शिट्टी दातांत धरून ठेवली. पुढच्या वेळी गोलकीपरने माझ्याकडे पाहिले, मग बचावपटूंकडे पाहिले, दोघेही झाकलेले होते म्हणून नाव घेऊन चेंडू उडवला आणि तो बरोबर त्या मुलाच्या छातीवर गेला. त्यातून गोल झाला नाही. आम्ही 3-1 ने हरलो. घरी जाताना एका पालकाने विचारले की शिबिरात पैसे देऊन हेच शिकून आलात का. मी हो म्हणालो.

ठराव मंजूर झाला आहे आणि तहसीलची परवानगीही मिळाली आहे. 21 पैकी 6 ब्रास मुरूम पडला. उरलेला कापूस निघेपर्यंत येणार नाही, कारण तोवर गावातला एकही ट्रॅक्टर रिकामा नाही.